वाचकांचे प्रश्न : आगगाडी वैरीण का ठरली?

प्रश्न : आगगाडी, टेलिफोन ही यंत्रे नवी होती तेव्हा लोकांना त्यांच्याविषयी काय वाटत होते, हे लोकप्रिय गाण्यांतून खरोखर कळते का? आपल्याकडची अशी जुनी गाणी आज कोठे ऐकायला मिळतील? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कळते, आणि पुष्कळदा सरकारी अहवालांपेक्षा अधिक नेमके कळते. अहवालात वेग, खर्च आणि मैल येतात. गाणे मात्र यंत्राने कोणाला कोणापासून दूर नेले, हे पाहते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी हावड्याहून हुगळीपर्यंत रेल्वे सुरू झाली. पुढे लोहमार्ग वाढत गेले, तसे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले तरुण कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत कामाला जाऊ लागले. गावी राहिलेल्या बायकांनी या गाडीला ‘रेलिया बैरन’, म्हणजे वैरीण, म्हटले. या पूरबी लोकगीतातली नायिका नुसती रडत बसत नाही. ज्या तिकिटावर नवरा जाणार, ते पावसात भिजून विरघळून जावे, ज्या शहरात तो जाणार, त्याला आग लागावी, असे ती मागते आणि ज्या साहेबाकडे तो चाकरी करतो त्यालाही सोडत नाही. कागदाच्या एका कपट्यावर आपला संसार अवलंबून आहे, हे तिने किती अचूक ओळखले आहे! दुसरे एक भोजपुरी गीत तर याही पुढे जाते : रेल्वे वैरी नाही, जहाजही वैरी नाही, वैरी आहे तो पैसा. ज्या प्रदेशातून हजारो माणसे गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर म्हणून मॉरिशस, फिजी आणि सुरीनामला गेली, तेथल्या गाण्यात जहाज येणे स्वाभाविकच होते. परंतु यंत्रावरचा राग बाजूला सारून मूळ कारणावर बोट ठेवणारी ही ओळ मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे गदिमांच्या बालगीतातली आगीनगाडी मामाच्या गावाला नेते, म्हणून ती लाडकी झाली. यंत्र तेच, पण ते कोठे पोहोचवते यावर त्याचे बरेवाईटपण ठरले.

टेलिफोनचेही तसेच झाले. चार्ल्स हॅरिस यांच्या १९०१ च्या अमेरिकन गाण्यातली लहान मुलगी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला ‘मला स्वर्ग जोडून द्या’ असे विनवते, कारण तिची आई तेथे आहे. १९४९ च्या ‘पतंगा’ या हिंदी चित्रपटात रंगूनला गेलेला नवरा फोनवर बायकोची आठवण काढतो. त्या गाण्याला चाल देणारे आणि शमशाद बेगम यांच्यासह ते गाणारे सी. रामचंद्र हे आपले पुणतांब्याचे. दोन्हीकडे तारेच्या दुसऱ्या टोकाला दुरावलेले माणूस आहे.

महाराष्ट्रात याचा शोध घ्यायचा तर जात्यावरच्या ओव्यांकडे वळावे. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि पहाटेचे दळण सुटले. बायकांच्या अंगावरचे मोठे कष्ट कमी झाले, याचा आनंदच मानला पाहिजे. पण दळताना मिळणारी गाण्याची वेळही त्याबरोबर गेली. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या पुष्कळ ओव्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर, गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात, ऐकायला मिळतील.