रविवारी चर्चमध्ये माफी मागितली की आठवडाभर कसंही वागलं तरी चालतं का?

नाही चालत. तुम्ही विचारलंय की तुमच्या ख्रिस्ती लोकांत क्षमा फुकट मिळते मग पापाची भीती कशाला, आणि जाता जाता प्रसाद खाता का तेपण विचारलंय. मी काय पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळं माझ्यापुरतं सांगतो.

क्षमा फुकट मिळते हे मी मनापासून मानतो. पण बायबलमध्ये मत्तयच्या ५ व्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर मग ये. आणि लूक १९ मधला जक्कय, जकातदारांचा मुखिया, ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो म्हणाला.

दोनएक वर्षांमागं राधानगरीकडच्या एका शेतकऱ्याची पंपाची मोटर जळून आली, ऊस वाळायला लागलेला, गडबडीत होता बिचारा. नव्या तारेचे पैसे लावले पण जुन्या जळक्या तांब्याचे वजा करायला पाहिजे होते ते केले नाहीत, त्यानं विचारलं नाही आणि मीपण बोललो नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. आधी स्वतःची परीक्षा करा म्हणून पाळकसाहेब वाचतात ते लहानपणापासून ऐकतोय, त्या दिवशी मात्र हात पुढं होईना, ट्रे तसाच शेजारच्याकडं दिला. सोमवारी गाडी काढून त्या शेतकऱ्याच्या गावात गेलो आणि पैसे दिले, चौपट नव्हते, जेवढे त्याचे होते तेवढेच. त्यानं चहा पाजला, म्हणाला मला कळलंपण नव्हतं की. लई लाज वाटली. पुढच्या महिन्यात भाकर घेतली तेव्हा डोळे भरून आले.

प्रसादाचं म्हणाल तर आमच्यातले बरेच जण घेत नाहीत, त्यांची श्रद्धा आहे, मी वाद घालत नाही. मी घेतो. कारागीर जोतिबाला जाऊन आला की प्रेमानं पेढा हातावर ठेवतो, त्याला नाही म्हणवत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्रात लिहिलंय की अन्नानं आपण देवाजवळ जात नाही, पण आपल्या खाण्यानं दुसऱ्याची श्रद्धा अडखळत असेल तर खाऊ नये. आईला ते खपत नाही, म्हणून तिच्यासमोर खात नाही, आणि पेढा घरी नेलाच तर हा कुठला ते तिला आधी सांगतो.