रेणूंचे भाकीत आणि प्रबंधाची कसोटी

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मशीन लर्निंगच्या साहाय्याने नवी औषधे शोधण्याच्या विषयात पीएच.डी. करावी, असे मनात आहे. परंतु मी संगणकशास्त्र शिकलेले नाही. शोध संगणकच लावणार असेल, तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्यात काय काम उरते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बरेच उरते, आणि त्यातले अवघड काम प्रायः तेच असते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हॅलिसिन या प्रतिजैविकाच्या शोधाची हकिकत पाहिली, तर हे ध्यानात येईल. त्यांनी आधी २,३३५ रेणू प्रयोगशाळेत ई. कोलाय या जिवाणूवर प्रत्यक्ष तपासले. त्यांपैकी १२० रेणूंनी जिवाणूची वाढ रोखली. ही सगळी निरीक्षणे संगणकीय प्रारूपाला शिकवण्यासाठी वापरली गेली. या प्रारूपात रेणू म्हणजे अणूंचे आणि त्यांना जोडणाऱ्या बंधांचे जाळे असते. प्रत्येक अणू बंधांच्या वाटेने शेजारच्या अणूंची माहिती गोळा करतो आणि त्या सगळ्यांच्या एकत्रीकरणातून रेणू जिवाणूला रोखील की नाही, याचे भाकीत निघते. पुढे अन्य आजारांसाठी अभ्यासल्या गेलेल्या सुमारे ६,००० रेणूंवर हे प्रारूप चालवले गेले. भाकितात वरच्या क्रमांकावर आलेले ९९ रेणू तपासले, तेव्हा ५१ खरोखर परिणामकारक निघाले. त्यांतच पूर्वी मधुमेहाच्या संदर्भात अभ्यासले गेलेले हॅलिसिन होते.

मला स्वतःला या हकिकतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ज्यांच्याकडून काहीही आशा नाही असे प्रारूपाने सांगितले होते, त्या तळाच्या ६३ रेणूंचीही त्यांनी तपासणी केली आणि त्यांपैकी दोनच परिणामकारक निघाले. यशाच्या घाईत ही उलट तपासणी सहज राहून जाते. शिवाय हॅलिसिन जिवाणूला का मारते, हे प्रारूपाने सांगितलेले नव्हते. जिवाणूच्या पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनांचा फरक ते मोडून टाकते, हे प्रयोगांतूनच उलगडले.

आता तुमच्या प्रबंधाविषयी. पायथन ही संगणकाची भाषा आणि रेणू हाताळण्यासाठी मोफत मिळणारे आरडीकिट हे साधन मेहनती विद्यार्थ्याला काही महिन्यांत वापरता येऊ लागते. संख्याशास्त्राला मात्र त्याहून अधिक वेळ द्या. खरी अडचण माहितीची आहे. केंब्रिजजवळच्या हिंक्सटन येथून चालवला जाणारा केंब्ल हा खुला माहितीसाठा प्रचंड आहे, पण त्यातले आकडे असंख्य शोधनिबंधांतून उचललेले आहेत, आणि एकाच रेणूचे एकाच प्रथिनावरचे मोजमाप दोन प्रयोगशाळांत पुष्कळच वेगळे येऊ शकते. निष्फळ ठरलेले रेणू तर फारसे छापलेच जात नाहीत. कोणते दोन आकडे शेजारी ठेवून तोलता येतील, हे प्रयोगाची पद्धत कळणाऱ्यालाच ठरवता येते.

दुसरा सापळा परीक्षणाचा. माहितीचे यदृच्छेने दोन भाग करून एकावर शिकवले आणि दुसऱ्यावर तपासले, तर एकाच सांगाड्याचे सख्खे भाऊ शोभावेत असे रेणू दोन्हीकडे जातात आणि अचूकता फुगलेली दिसते. म्हणून रेणूंच्या मूळ सांगाड्यानुसार गट पाडून एखादा गट पूर्णपणे बाहेर ठेवण्याची पद्धत वापरावी, आणि नव्या प्रारूपाची तुलना रँडम फॉरेस्टसारख्या जुन्या, साध्या पद्धतीशीही करावी. लहान माहितीसंचावर ही साधी पद्धत अनेकदा तोडीस तोड ठरते. मार्गदर्शक निवडताना एकच प्रश्न आवर्जून विचारा : तुमच्या भाकितांतले रेणू विकत घेऊन किंवा बनवून कोण तपासणार आहे? याचे ठोस उत्तर मिळत नसेल, तर दुसरा मार्गदर्शक शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीमुळे त्या रचना झटपट कळू लागल्या, मग नव्या औषधांना अजूनही इतकी वर्षे का लागतात?
— एक औषधविक्रेते, कोल्हापूर

उत्तर : डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला तो याच कामासाठी, आणि तो रास्तच होता. परंतु प्रथिनाची रचना कळल्याने रेणू कोठे बसू शकेल याचा अंदाज येतो. तो आतड्यातून रक्तात शिरेल का, यकृत त्याचे काय करील, हृदयाला अपाय होईल का, हे त्यातून कळत नाही. माणसांवरील चाचण्यांचा काळ तर संगणकाला मुळीच आटवता येत नाही. क्षयरोगावरील सहा महिन्यांचा नवा उपचार पारखायचा, तर रुग्णाला सहा महिने औषध द्यावेच लागते, आणि रोग उलटतो का हे पाहण्यासाठी त्यानंतरही बराच काळ त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.