पोरांना तुरुंग दाखवू नका, हे तोंडावर सांग

चि. लेकी,

तुझा मेसेज वाचला. गुन्ह्यांचा धाक बसावा म्हणून नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीतल्या पोरांना तुरुंग दाखवून आणायचं तुझ्या संस्थेच्या ट्रस्टींनी ठरवलंय, तुझ्या हातातले अभ्यास नेमकं उलटं सांगतात, आणि तुला काळजी कसली, तर ते दुखावतील याची! दुखावू देत. समोर बसून सांग.

न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात जन्मठेपेचे कैदी पोरांच्या अंगावर ओरडून त्यांना दहशत घालायचे. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला आणि ही टूम सगळीकडे पसरली. पुढे पेट्रोसिनो या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी असे प्रयोग एकत्र तपासले. कोण जाणार आणि कोण नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. तुरुंग पाहून आलेली पोरंच पुढे जास्त गुन्ह्यांत सापडली. एवढं ठाऊक असून गप्प बसणार आहेस?

आणि आपल्याकडे २०१५चा बाल न्याय कायदा आहे. गुन्ह्यात सापडलेल्या पोरालासुद्धा पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायला त्यात मनाई आहे. मग ज्यांनी काहीच केलेलं नाही, त्यांना आपण हौसेने बस करून तिथे न्यायचं?

ट्रस्टी वाईट नाहीत गं. त्यांना काहीतरी करायचंय. म्हणून नुसतं 'नको' म्हणून उठू नकोस, शिकागोचं सांग. तिथे २०१२च्या उन्हाळ्यात हिंसाचारग्रस्त वस्त्यांतल्या शाळकरी मुलांना आठ आठवडे पगारी काम दिलं. तिथपासूनच्या सोळा महिन्यांत, काम न मिळालेल्या तशाच मुलांच्या तुलनेत, त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्या वस्तीला लागून अख्खा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना मे महिन्यात बिनधोक, पगारी काम मिळवून द्यायला ट्रस्टींच्या ओळखी कामाला येऊ देत की!

मी एका संस्थेत हेच बोलले होते. सहल झालीच, वर मला बैठकांना बोलावणं बंद झालं. जरा गोडीत घ्यायला हवं होतं, असं अजून ऐकवतात. मला नाही पटत. गोडीत सांगितलेलं तिथे कुणी लिहूनसुद्धा घेत नव्हतं. सल आहे तो त्या पोरांचा. बसमध्ये खिडकीसाठी भांडत होती, पिकनिकला निघाल्यासारखी.

तेव्हा ईमेल नको, ग्रुपवर लिंक नको. दोन पानं मराठीत लिही, बैठकीत स्वतः वाच, आणि कुणी 'बघू' म्हटलं तर तिथेच तारीख माग. मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, आकडे मी तपासून देते.

तुझी,
मावशी