विद्यापीठ संघाचे समालोचन प्रथमच करणाऱ्यास
तुम्ही विद्यापीठाच्या संघाचे रेडिओ समालोचन प्रथमच करणार आहात, म्हणून सर्वांत आधी हे लक्षात घ्या की श्रोत्याला काहीही दिसत नसते आणि पुष्कळदा तो सामना सुरू झाल्यानंतरच रेडिओ लावतो. त्यामुळे गुणसंख्या, उरलेला वेळ आणि चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आहे, हे स्वतःला कंटाळा येईपर्यंत सांगत राहावे लागते. १९३० मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या केंद्रावरून सुरुवात करणारे अमेरिकन समालोचक रेड बार्बर गुणसंख्या सांगण्याचा विसर पडू नये म्हणून पुढे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ समोर ठेवत असत. ही युक्ती मला आजही सर्वांत उपयोगी वाटते.

दोन्ही संघांतील खेळाडूंची नावे व क्रमांक यांचा तक्ता स्वतःच्या हाताने तयार करा, कारण लिहिताना निम्मी नावे पाठ होतात. नावांचे उच्चार मात्र प्रतिस्पर्धी संघाच्या व्यवस्थापकालाच विचारून घ्यावेत. अंदाजाने उच्चारलेले नाव त्या खेळाडूचे आईवडील ऐकत असतात.

प्रेक्षकांचा जल्लोष टिपणारा वेगळा मायक्रोफोन असेल, तर गोल झाल्यावर काही क्षण गप्प राहा. आपल्या संघाविषयी आपुलकी आवाजात उमटली तरी हरकत नाही, परंतु पंचांवर राग काढू नये. हे खेळाडू विद्यार्थी आहेत, तेव्हा चूक झाली की काय घडले एवढेच सांगून पुढच्या चेंडूकडे वळावे.