सासर ऑस्ट्रेलियात, माहेर लंडनमध्ये, मूळ फ्रान्सात

प्रश्न : माझी सून मेलबर्नची. तिच्या आजीची पणजी 1850 च्या सुमारास लंडनहून आजच्या व्हिक्टोरिया राज्यात आली, तिथेच लग्न केलं आणि 1891 मध्ये वारली. माहेरचं आडनाव लफेव्हर. घरात सांगतात, ती ह्यूगनॉट (म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंट) रेशीमविणकरांच्या कुळातली. नातवासाठी वंशवृक्ष करायला घेतला आहे. लंडनच्या फ्रेंच चर्चच्या नोंदवह्या पाहिल्या तर ढीगभर लफेव्हर निघाले! आता यातले आमचे कोणते? मुंबईत बसून हे जमेल का?
– एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव

उत्तर : जमेल, पण तुम्ही दोरा उलट्या टोकाने धरला आहे. आपला कुळवृत्तांत मूळपुरुषापासून खाली उतरतो, त्यामुळे हात आपसूक 1685 कडे जातो. त्या वर्षी चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मोकळीक देणारा नांतचा आदेश रद्द केला आणि फ्रान्समधले हजारो प्रोटेस्टंट देशोधडीला लागले. त्यांतले बरेच लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात माग टाकून बसले. तुमची बाई त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी जन्मली. मधे पाचेक पिढ्या गेल्या, आणि पाच पिढ्या मागे माणसाचे 32 पूर्वज असतात. त्यात लफेव्हर म्हणजे फ्रेंचमध्ये लोहार. नुसत्या आडनावावरून माणूस ओळखायचा तर आपल्याकडच्या सगळ्या लोहारांना एका घरचे म्हणावे लागेल. तेव्हा ह्यूगनॉट हा धागा सर्वांत शेवटी हाती घ्यायचा.

सुरुवात बाईंच्या मृत्यूच्या दाखल्यापासून करा. व्हिक्टोरियात 1 जुलै 1853 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आहे आणि तिथले दाखले फार बोलके असतात. मृत व्यक्तीचे वडील, त्यांचा धंदा, आई आणि तिचे माहेरचे आडनाव, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षे राहिली, लग्न कुठे, कोणत्या वयात आणि कोणाशी झाले, मुलांची नावे व वये असे रकाने त्यात असतात. जुन्या दाखल्याची प्रत व्हिक्टोरियाच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून कार्डाने पैसे भरून घरबसल्या उतरवून घेता येते. अनुक्रमणिकेत नाव सासरच्या आडनावाने शोधा. समजा, दाखल्यावर वय 63 आणि ‘व्हिक्टोरियात 41 वर्षे’ असे आहे. मग जन्म 1828 च्या आगेमागे आणि आगमन 1850 च्या. मात्र ही माहिती देणारी व्यक्ती बहुधा मुलगा किंवा जावई असते, आणि सासूबाईंच्या आईचे माहेर जावयाला कितपत ठाऊक असणार? म्हणून हा दाखला एकटा धरू नका. बाईंच्या दोन-तीन मुलांचे जन्मदाखले मागवा. तिथे आईचे माहेरचे नाव, वय, जन्मस्थळ आणि लग्नाची तारीख बहुधा आईबापांनी स्वतः सांगितलेली असते. लफेव्हर, लफीवर, लेफेव्हरी अशी तीन रूपे तीन दाखल्यांवर मिळाली तर घाबरू नका. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. खरी अडचण आडनावाचे भाषांतर झाले तर येते. ल ब्लांचे व्हाइट झाले, द्यूबुआचे वुड झाले, की नुसत्या उच्चारावरून माग काढता येत नाही.

लग्न 1853 च्या जुलैपूर्वीचे असेल तर सरकारी दाखला नसतो, चर्चची नोंद असते. तीही त्याच कार्यालयाच्या अनुक्रमणिकेत सापडू शकते. ही सगळी सोय व्हिक्टोरियापुरती. बाई ॲडलेडला वारल्या असत्या तर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या त्या काळच्या मृत्युदाखल्यावर आईबापांची नावेच मिळाली नसती. न्यू साउथ वेल्सची नोंदणी मार्च 1856 पासूनची, आणि ती व्हिक्टोरियासारखीच भरघोस.

आता जहाज. सरकारी मदतीने आलेल्यांच्या याद्या नावानिशी आहेत. व्हिक्टोरिया 1 जुलै 1851 ला वेगळे झाले. त्याआधी तो न्यू साउथ वेल्सचा पोर्ट फिलिप जिल्हा होता. म्हणून मेलबर्न आणि सिडनी, दोन्हीकडच्या अभिलेखागारांत पाहा. सिडनीकडे एकाच जहाजाच्या कधी कधी दोन याद्या असतात. दलालाची यादी त्रोटक असते. इमिग्रेशन बोर्डाच्या यादीत आईबापांची नावे, मूळ गाव, धर्म, लिहिता-वाचता येते का, वसाहतीत नातेवाईक कोण, हे सारे असते. पहिल्या यादीत नाव सापडले म्हणून तिथेच थांबू नका. स्वतःच्या पैशाने आलेल्यांचे मात्र हाल आहेत. वर्तमानपत्रात केबिनच्या प्रवाशांची नावे छापत आणि पुढे ‘स्टीअरेजमध्ये (म्हणजे सर्वांत स्वस्त वर्गात) इतके जण’ म्हणून मोकळे होत. एकट्या बाईने येणे तेव्हा अगदीच नवलाचे नव्हते. लंडनच्या गरीब शिवणकाम करणाऱ्या मुलींना वसाहतीत पाठवण्यासाठी इंग्रज राजकारणी सिडनी हर्बर्ट यांनी 1849 च्या अखेरीस निधी उभारला होता, तोही धागा पाहून ठेवा.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रे फुकट वाचता येतात. तिथे बाईंचे नाव क्वचितच मिळेल. नवऱ्याचे नाव टाका, आणि सोबत ‘रिलिक्ट’ म्हणजे विधवा हा शब्द. मृत्यूच्या किंवा लग्नाच्या बातमीखाली ‘होम पेपर्स प्लीज कॉपी’ (विलायतेच्या वर्तमानपत्रांनीही छापावे) असे असेल तर विलायतेत अजून कोणीतरी वाचणारे होते असे समजा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ‘ई’ चा ‘सी’ होतो, म्हणून आडनाव मोडून-तोडूनही शोधा.

इंग्लंडात 1 जुलै 1837 पासूनच सरकारी जन्मनोंद आहे, म्हणजे 1828 साठी बाप्तिस्म्याच्या वह्या. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण ते फ्रेंच चर्च शोधत बसतात. तोवर ही कुटुंबे इंग्रज होऊन गेली होती. स्पिटलफील्ड्सचे क्राइस्ट चर्च, बेथनल ग्रीनचे सेंट मॅथ्यू, शोरडिचचे सेंट लेनर्ड या वह्या आधी पाहा. वडिलांचा धंदा ‘वीव्हर’ म्हणजे विणकर असेल तर गाडी रुळावर आहे. 1841 च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, म्हणून 19 ची मुलगी 15 ची दिसेल. जन्मगाव नेमके हवे तर 1851 ची शिरगणती. बाई तोवर गेल्या असल्या तरी आईबाप, भावंडे तिथे भेटतील.

त्यापलीकडे एकेक पिढी मागे जा. मार्च 1754 पासून इंग्लंडात यहुदी आणि क्वेकर हा ख्रिस्ती पंथ सोडून सर्वांना लग्न अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच लावावे लागे. म्हणून त्यानंतरचे लग्न फ्रेंच चर्चच्या वहीत सापडत नाही, ते हरवलेले नसते. त्याआधीच्या फ्रेंच वह्यांत शिरलात की काम सोपे होते, कारण फ्रेंच रिवाजाने बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच लिहिलेली असते, आणि बाप्तिस्म्याला धर्मपिता-धर्ममाता नावानिशी असतात. (आपल्या कुळवृत्तांतात मुलगी ‘अमक्यास दिली’ एवढ्यावर संपते, त्यापेक्षा हे कितीतरी बरे.) धर्ममाता बहुधा मावशी किंवा आत्या असते, दोन लफेव्हर घराण्यांत नेमके कोणते आपले, हे बहुतेक वेळा तिच्यावरूनच ठरते. या वह्या 1885 साली स्थापन झालेल्या ह्यूगनॉट सोसायटीने छापल्या आहेत. 1752 पूर्वी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलत असे; ‘फेब्रुवारी 1720’ म्हणजे आपल्या हिशेबाने 1721. हे विसरलात तर लग्नाआधी मूल झालेले दिसेल.

एक शंका मात्र आधी मिटवून टाका. दाखल्यावर जन्मगाव ‘कॅले, फ्रान्स’ असेल तर ह्यूगनॉटचा विषय बाजूला ठेवा. नॉटिंगहॅमचे इंग्रज लेसकामगार कॅलेला जाऊन स्थायिक झाले होते. 1848 च्या क्रांतीत काम बंद पडल्यावर ते ‘अजिंकोर्ट’, ‘फेअरली’ आणि ‘हार्पली’ या जहाजांनी ऑस्ट्रेलियात गेले. त्यांच्या नातवंडांनी ‘आजी फ्रान्सची’ म्हणणे खरेच होते, पण ती फ्रेंच नव्हती. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या फ्रेंच आडनावांचेही असेच, ती तिथली मूळचीच असू शकतात.

प्रश्न : आमच्या ऑस्ट्रेलियातल्या व्याह्यांची एक पूर्वज मुंबईत एका गोऱ्या शिपायाच्या पोटी जन्मली म्हणतात. फोर्टातल्या चर्चमध्ये जाऊन विचारू का?
– एक वाचक, वांद्रे

उत्तर : आधी घरबसल्या पाहा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत एन-3 या मालिकेत आहेत आणि त्यांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची अनुक्रमणिका फुकट आहे, तिथून सुरुवात करा. नोंद बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. पलटण हलत राहिली तर मूल दोन वर्षांचे झाल्यावर पुण्यात किंवा बेळगावात बाप्तिस्मा झालेला असू शकतो. बापाची पलटण कळली की ती त्या वर्षी कुठे होती ते पाहून मग चर्च निवडा. काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात सरकारी पत्रव्यवहार आहे, बाप्तिस्म्यांसाठी तिथे खेप घालू नका.