हिशोब मनात आला म्हणजे विश्वास कमी पडला का?

उपवासकाळ सुरू झाला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो, आणि ईस्टर होऊन गेल्यावरही काही आठवडे येत राहतो. विचारणारे अगदी वेगवेगळे असतात. नर्सिंगची विद्यार्थिनी, बँकेतला क्लार्क, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, एकदा तर एका पाळकांची सून. शब्द बदलतात, प्रश्न तोच. "प्रभूनं मला बोलावलंय असं आतून वाटतं. अर्धवट नको, पूर्णपणे त्याच्यामागं जायचंय. पण लगेच घराचे हप्ते आठवतात, आईची औषधं आठवतात. असा हिशोब मनात येतो म्हणजे माझा विश्वासच कच्चा का?"

उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. बायबलमधल्या लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूच्या मागं लोकांची झुंबड उडालेली आहे. तो वळून त्यांना सांगतो की बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अडतं आणि येणारेजाणारे हसतात. मागं येणाऱ्यांना थांबवून हिशोब करायला लावणारा हा गुरू आहे. तेव्हा हिशोबाचं पाप वाटून घेऊ नका. माझी तक्रार वेगळी आहे. लोक हिशोब करतात, अगदी काटेकोर करतात, आणि सगळ्यात मोठी रक्कम त्यात मांडायचीच विसरतात.

सुहासची गोष्ट त्यासाठी सांगते. नावं आणि काही तपशील बदललेत, नवराबायको दोघांना विचारून लिहितेय.

सुहास चौतिशीचा. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात स्टोअर्सचा इन्चार्ज. आजोबांच्या काळापासून कुटुंब शरणपूरचं, घरात आई, पत्नी रूथ आणि पाचवीतली मुलगी. रूथ एका खाजगी शाळेत शिकवते. त्याला माझ्याकडं पाठवलं त्याच्या पाळकांनी. झोप उडाली होती, छातीत जळजळ व्हायची, घरात भांडणं. पहिल्याच भेटीत त्यानं मोबाइल पुढं केला. राजीनामा लिहून तयार होता, तारीख तेवढी घालायची राहिली होती. पुण्याच्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, तीन वर्षं शिकायचं आणि मग पूर्णवेळ सेवा, असा बेत.

"मग तारीख का घातली नाही?"

"भीती वाटते, मॅडम. आणि भीती वाटते याचीच लाज वाटते. बॉनहॉफरला भीती वाटली असती तर?"

हिटलरविरुद्ध उभ्या राहिलेल्या आणि १९४५ मध्ये फाशी गेलेल्या या जर्मन पाळकाचं नाव आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या तरुणांच्या तोंडी बरंच असतं. सुहासकडं अशी आणखी नावं होती. मिशनचा पगार सोडून १९१७ मध्ये ख्रिस्ती संन्याशासारखं जगायला निघालेले रेव्हरंड ना. वा. टिळक. आपल्याच शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट, जो मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेला आणि १८७४ मध्ये लंडनला त्याच्या दफनविधीला उभा होता. "ही आपल्या मातीतली माणसं, मॅडम. आणि मी हप्ते मोजत बसलोय."

मी ज्या विचारसरणीत घडले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली. एलिस नास्तिक. त्यामुळं सुहासला पाठवणारे पाळकसाहेब मला नेहमी चिडवतात, "आमची मेंढरं तुमच्या नास्तिकाच्या हवाली करतोय." चिडवोत. माणसाला जे घडतं त्याहून त्याबद्दलचा त्याचा हट्टी विचार जास्त छळतो, एवढं जरी त्या नास्तिकाकडून घेतलं तरी मंडळीतल्या कितीतरी जणांना रात्रीची झोप लागेल. सुहासचा हट्ट असा होता: खऱ्या शिष्याला भीती वाटताच कामा नये. मला वाटते. म्हणजे मी ढोंगी.

"गेथशेमाने बागेत प्रभूनं काय मागितलं?" मी विचारलं.

"माझ्या इच्छेप्रमाणं नको, तुझ्या इच्छेप्रमाणं होऊ दे."

"ते नंतर. त्याच्या आधी?"

तो जरा थांबला. "हा प्याला माझ्यापासून टळू दे."

"ते वाक्य तुम्ही नेहमीच गाळता का?"

त्या आठवड्यात त्याची झोप थोडी सुधारली. भीती गेली नव्हती, पण भीतीबद्दलची लाज गेली होती. तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

मग कागद घेतला. स्टोअर्सचाच माणूस, रकाने झकास पाडले त्यानं. हातात येणारे ३८,०००, फ्लॅटचा हप्ता १४,५००, आईची औषधं २,२००, शाळेची फी, दशांश. सेमिनरीच्या तीन वर्षांत रूथच्या पगारावर किती भागेल, पीएफ किती निघेल, फ्लॅट भाड्यानं दिला तर काय येईल. दुसऱ्या भेटीत तर त्यानं व्याजासकट आकडे आणले. सगळं बरोबर होतं. आणि काहीतरी हुकत होतं, हे मला जाणवत होतं. एवढा हिशोब जुळत आल्यावर माणसाचा चेहरा जरा तरी सैल पडतो. ह्याचा पडत नव्हता.

"नोकरी सोडायची कशासाठी, एवढंच परत एकदा सांगा."

"तिथं राहून ख्रिस्ती म्हणून जगता येत नाही."

"म्हणजे नेमकं काय होतं?"

यावर तो वातावरणाबद्दल बोलला, शिव्यांबद्दल बोलला, रविवारच्या ड्यूटीबद्दल बोलला. दोनतीन भेटी हेच चाललं. मी तोच प्रश्न दर वेळी विचारत राहिले, जास्त काही केलं नाही. मग एकदा निघता निघता, पायात चपला सरकवताना, त्यानं सांगितलं. महत्त्वाचं बोलणं बहुतेक दाराशीच होतं, म्हणून मी शेवटची दहा मिनिटं नेहमी मोकळी ठेवते.

कारखान्यातलं स्क्रॅप महिन्यातून काही वेळा ट्रकनं बाहेर जायचं. रिकाम्या ट्रकचं वजन, भरलेल्या ट्रकचं वजन, आणि मधल्या फरकाचे पैसे भंगारवाला कंपनीला देणार, असा नियम. पण गेटपासवर चढणारं वजन काट्याच्या पावतीपेक्षा कमी असायचं. वरच्या मालाचे पैसे कुणाकडं जातात ते स्टोअर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. गेटपासवर सही सुहासची. त्यानं स्वतः कधी रुपया घेतला नव्हता, दिवाळीला आलेलं पाकीटही परत पाठवलं होतं. साहेब सांगतील तो आकडा लिहायचा आणि सही करायची, एवढंच.

"रूथला माहीत आहे?"

"नाही."

"पुढच्या वेळी दोघं या."

रूथ आली ती तयारीनं आली. तिला वाटत होतं, नवऱ्याच्या बाजूनं तिला समजावायला बोलावलंय. "ह्यांना सारखे टिळक दिसतात," ती म्हणाली. "मला लक्ष्मीबाई दिसतात." लक्ष्मीबाई म्हणजे टिळकांच्या पत्नी, जलालपूरच्या, नाशिकला खेटून असलेल्या गावच्या, आणि रूथचं माहेर त्याच भागातलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली काही वर्षं दोघं वेगळे राहिले, आणि ती वर्षं त्या बाईनं कशी काढली हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. "पाचारण एकाला येतं," रूथ म्हणाली, "पण बिल दोघांच्या नावावर फाडतात. मी नाही म्हणत नाहीये. मला कुणी विचारलंच नाही."

सुहासनं मान खाली घातली आणि स्क्रॅपचं सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग मी विचारलं, "सुहास, उद्या राजीनामा दिलात तर काय काय होईल?"

"रविवारी उपासनेत पाळकसाहेब सांगतील. लोक प्रार्थना करतील."

"आणि उद्या कामावर गेलात आणि खरा आकडा लिहिलात तर?"

तो गप्प. उत्तर रूथनं दिलं, आणि तेही माझ्याकडं बघून.

"राजीनामा दिला तर मंडळी हार घालेल. सही नाही केली तर कुणाला कळणारसुद्धा नाही, नोकरी मात्र जाईल. मग ह्यांना त्यातलं अवघड कुठलं वाटतं?"

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. नवशिके समुपदेशक अशा वेळी अर्थ उलगडून सांगायला धावतात. मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढं केला नाही. इतक्या वर्षांत काही शिकले असेन तर ते हे, की माणूस स्वतःच्या विचाराशी झटत असताना त्याला मदत करायची नसते. शेवटी सुहास म्हणाला, "मला तिथून पळायचं होतं. आणि त्याला मी पाचारण म्हणत होतो." मग घाबरून, "म्हणजे सगळंच खोटं होतं का, मॅडम?"

तसं मुळीच नव्हतं, आणि इथं मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण याच जागी बरेच जण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात. काल सगळं सोडायला निघालेले आज म्हणतात, सगळा भावनेचा खेळ होता, आता पूर्वीसारखंच जगू.

शुभवर्तमानात दोन जकातदार आहेत. मत्तयला जकातीच्या नाक्यावर बोलावणं आलं आणि तो उठून निघाला. जक्कयच्या घरी येशू स्वतः पाहुणा म्हणून गेला. जक्कयनं उभं राहून सांगितलं, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याच्याकडून लुबाडून घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. त्यानं नाका सोडला असं कुठं लिहिलेलं नाही. योहान बाप्तिस्मा देत होता तेव्हाही जकातदारांनी विचारलं होतं, आम्ही काय करावं? तो म्हणाला, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. नोकरी सोडा असं म्हणाला नाही. आता कल्पना करा, यरीहोत राहून, त्याच लोकांच्या दारात जाऊन, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली, नेमका तेवढाच कर घ्यायचा. रोज. मला तर मत्तयपेक्षा जक्कयचं जास्त कठीण वाटतं, पण पाळकसाहेबांना हे पटत नाही.

आणि बॉनहॉफर? तो १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित पोचला होता. काही आठवड्यांत जर्मनीला परतला. संकट जिथं होतं तिथं तो परत गेला. सुहासला हे माहीत होतं, मीच त्याला परत सांगायला लावलं.

म्हणून माझ्याकडं आता पाचारणाचा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी आधी कागद देत नाही. आधी विचारते, हे सगळं सोडून गेलात तर रोजच्यातलं कोणतं काम करावं लागणार नाही? काहींचं उत्तर स्वच्छ येतं आणि त्यांना मी अडवत नाही. काहींचं उत्तर असतं, धाकट्या भावाशी बोलावं लागणार नाही. कुणाचं, सासूचं करावं लागणार नाही. मग विचारते, याची साक्ष कधीच मंडळीपुढं, व्यासपीठावर द्यायची नाही असं ठरलं, तरी कराल का? आणि लग्न झालं असेल तर शेजारची खुर्ची रिकामी ठेवून हा विषय मी पुढं नेत नाही.

ज्यांच्या घरात ते एकटेच विश्वासात आलेत त्यांचं गणित अर्थातच निराळं. तिथं किंमत नोकरीची नसते. आईच्या हातचं जेवण, बहिणीच्या लग्नातली जागा, नात्यातला शब्द, अशी असते. त्यांना मी घाई करायला सांगत नाही आणि थोपवतही नाही. पण घरच्यांना अंधारात ठेवून उचललेलं पाऊल पुढं फार दुखतं, हे मात्र स्पष्ट सांगते. आणि कुणी रात्र रात्र झोपत नसेल तरी दमत नसेल, अखंड बोलत असेल, एका फटक्यात पैसे वाटून टाकत असेल, आज्ञा देणारे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. प्रार्थना चालू ठेवाच, पण गाडी काढा आणि त्यांच्याकडं घेऊन जा.

सुहासनं काही दिवसांनी साहेबांना सांगितलं की यापुढं काट्याच्या पावतीवरचाच आकडा लिहीन. चित्रपटात होतं तसं काही झालं नाही. गेटपासचं काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं, ओव्हरटाइम बंद झाला, डब्याच्या वेळी काही जण त्याला 'संत सुहास' म्हणू लागले. महिन्याला चार हजारांचा फटका. स्क्रॅपचा घोळ दुसऱ्याच्या सहीनं चालूच आहे, आणि आपण वर कळवायचं का, यावर आम्ही अजून बोलतो आहोत. ते पाऊल त्यानं उचलायचं की नाही हे मी ठरवणार नाही. मात्र त्याची छातीतली जळजळ थांबली आहे, आणि रूथ हल्ली त्याच्याशी भांडते ती निदान दुसऱ्या विषयांवर.

सेमिनरीचा विचार त्यानं सोडलेला नाही. पण रूथनं अट घातलीय की मुलीची दहावी होईपर्यंत बिऱ्हाड पुण्याला हलणार नाही, आणि त्यानं ती मान्य केलीय. मंडळीतले एक वडीलधारे त्याला म्हणाले, हे तर प्रभूनं नको म्हटलेलं, नांगराला हात घालून मागं पाहणं झालं. त्यांना काय उत्तर देऊ, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, त्यांना आधी स्क्रॅपचं सांगा. तो म्हणाला, नको, मग तीही साक्षच व्हायची.