भुलेच्या डॉक्टरांना विचारा: आईचा खुबा, बाबांची फेणी आणि अमेरिकेतली नवी गोळी

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आई 78 वर्षांची, मागीलदारी शेवाळावर पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. परवा ऑपरेशन आहे, कमरेत इंजेक्शन देऊन करणार म्हणतात. शेजारची काकी सांगते की तिच्या सिझरला तेच दिलेलं, तेव्हापासून पाठ धरलीय ती धरलीच. भाऊ म्हणतो पूर्ण भूल तर नकोच, म्हातारी माणसं उठल्यावर बरळतात. नक्की काय करू? शिवाय रात्री नऊनंतर पाण्याचा थेंब नको असं सांगितलंय आणि नंबर आहे दुपारी एकचा.
– एक वाचक भगिनी, साखळी

उत्तर: ताई, तुम्हाला त्याच दिवशी मेलवर उत्तर पाठवलं होतं आणि आई आता वॉकर धरून पडवीपर्यंत येते हे तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. पण पाऊस सुरू झाला की हाच प्रश्न गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घराघरातून येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी भावाचं. आम्हा भूलतज्ज्ञांनाही कित्येक वर्षं असंच वाटायचं की खुब्याच्या ऑपरेशनला कमरेतलं इंजेक्शन, म्हणजे स्पायनल, दिलं की म्हाताऱ्या माणसाचं डोकं शाबूत राहतं. 2021 साली अमेरिका आणि कॅनडातल्या 46 हॉस्पिटलांचा अभ्यास आला, 1600 पेशंट, निम्म्यांना स्पायनल आणि निम्म्यांना पूर्ण भूल. 60 दिवसांनी बघितलं तर जे वारले किंवा ज्यांना आधाराशिवाय वा वॉकर घेऊनही चालता येईना असे स्पायनलवाले 18.5 टक्के आणि पूर्ण भूलवाले 18.0 टक्के, आणि बरळण्याचं प्रमाण दोन्हीकडे 20 टक्क्यांच्या आसपास. पुढच्याच वर्षी चीनमधल्या 950 पेशंटांच्या अभ्यासातही फरक दिसला नाही. म्हणजे भुलेच्या प्रकारावरून घरात भांडू नका, छातीचा आजार, हृदयाची झडप, रक्त पातळ करायच्या गोळ्या हे सगळं बघून तुमच्या भूलतज्ज्ञांना जे योग्य वाटेल ते करू द्या, फक्त त्यांना भेटून का ते विचारा, विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग बरळणं येतं कुठून? वय, आधीपासूनचा विसराळूपणा, अंगातलं पाणी कमी होणं, झोपमोड, जंतुसंसर्ग, आणि दुखणं. हे दुखणं फार महत्त्वाचं. हाड मोडल्यापासून ऑपरेशनपर्यंत मांडीच्या नसेभोवती सोनोग्राफीत बघून बधिर करायचं औषध सोडता येतं, त्याला ब्लॉक म्हणतात, अर्ध्या तासात कूस बदलता येते आणि जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले तर त्यानं बरळणंही कमी होतं. तुमच्या हॉस्पिटलात मिळतो का, हे नक्की विचारा.

आणि एक साधी गोष्ट. एका आजीला ऑपरेशननंतर बघायला गेलो होतो, ती सिस्टरला आपली मेलेली जाऊ समजून हाका मारत होती, मुलगा रडकुंडीला आलेला. चष्मा कुठाय विचारलं तर तो त्याच्या शर्टाच्या खिशात, रुमालात नीट गुंडाळून, फुटू नये म्हणून, आणि कानातलं मशीन घरी कपाटात. चष्मा घातला, मशीन मागवलं, खिडकीचा पडदा उघडला, आणि संध्याकाळी आजी त्याला विचारते, तू जेवलास? एवढ्यानं सगळ्यांचं बरळणं थांबतं असं मी म्हणत नाही, पण चष्मा, कानाचं मशीन आणि घरचं एक ओळखीचं माणूस ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्याआल्या जवळ असू द्या.

आता काकीची पाठ. स्पायनलची सुई जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि कमरेत जिथे देतात तिथे मज्जारज्जू वरच संपलेला असतो. टोचल्या जागी काही दिवस ठणकतं, खरं आहे, पण वर्षानुवर्षं पाठ धरते ती या सुईनं नाही. बाळंतपणात सैल पडलेले सांधे, वाकून पाजणं, उचलणं, याचा हिशोब कुणी मांडत नाही आणि सुई तेवढी लक्षात राहते. काकीची पाठ खरोखर दुखते, तिला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, सुईवर ढकलून सोडू नका. सुईचा खरा त्रास म्हणजे काहींना होणारी डोकेदुखी, बसलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते. ज्यांनी 1898 मध्ये जर्मनीत पहिल्यांदा ही पद्धत ऑपरेशनला वापरली त्या ऑगस्ट बियर यांनी स्वतःलाच टोचून घेतलं आणि पुढे नऊ दिवस डोकं धरून काढले. आता सुया बारीक आणि टोक पेन्सिलीसारखं, त्यामुळे प्रमाण खूप घटलंय.

पाण्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. जड जेवण 8 तास आधी, हलकं खाणं 6 तास आधी बंद, पण साधं पाणी, दूध न घातलेला चहा 2 तास आधीपर्यंत चालतो, हा नियम 1999 पासून छापलेला आहे. पेज चालत नाही, सोलकढी नाही, दुधाचा चहा नाही. अपवाद आहेत, पोट हळू रिकामं होणारे पेशंट, तातडीचं ऑपरेशन, वजन किंवा शुगरसाठी आठवड्याला एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेणारे, म्हणून स्वतःच्या मनानं न पाजता विचारा की दुपारचा नंबर आहे तर सकाळी पाणी देऊ का.

प्रश्न: बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय. रोज संध्याकाळी तीन पेग फेणी, कैक वर्षं. आई म्हणते डॉक्टरला सांगू नको, लाज जाईल.
– एक वाचक, वाळपई

उत्तर: सांगा. आईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की आम्हाला फक्त हिशोब हवा असतो, निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. फेणीच्या 60 मिलीच्या एका पेगात अंदाजे 20 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे बाबांचं रोजचं 60 ग्रॅम झालं. 1999 मधला डेन्मार्कचा एक अभ्यास आहे, रोज एवढं किंवा जास्त घेणारे 42 पेशंट, आतड्याचं ऑपरेशन होणारे. ज्यांनी आधी महिनाभर पूर्ण बंद केलं त्यांच्यात 31 टक्क्यांना त्रास झाला, ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यात 74 टक्क्यांना. अभ्यास छोटा आहे पण फरक बघा केवढा. हर्निया अडकलेला नसेल तर हा महिना तुमच्या हातात आहे.

पण घरच्या घरी एकदम बंद करू नका हं. रोज घेणाऱ्याचं अचानक सुटलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, कधी फिट येते, आणि हे जर ऑपरेशननंतर वॉर्डात झालं आणि कुणाला फेणीचं माहीतच नसेल तर ते भुलेमुळे झालं समजून वेळ जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-1 व्हिटॅमिन देऊन सोडवता येते.

प्रश्न: माझा गुडघा बदलायचाय. अमेरिकेत दुखण्यावर व्यसन न लावणारी नवी गोळी आलीय म्हणे, भाच्याकडून मागवू का?
– निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर: बाई, मागवू नका. गोळीचं नाव सुझेट्रिजीन, 30 जानेवारी 2025 ला तिथे मंजुरी मिळाली. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसांवरची सोडियमची एक वाट ती बंद करते, मेंदूत जाऊन काम करत नाही, म्हणून व्यसनाची भीती नाही, आणि एवढ्या वर्षांनी खरोखर नव्या प्रकारचं औषध आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण अभ्यास झाले ते पोटाची कातडी कमी करण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या ऑपरेशनवर, आणि जुन्या अफूवर्गीय गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही. बुरशीवरच्या काही गोळ्यांबरोबर ती घेताच येत नाही.

तुमच्या कामाचं सांगतो. खुबा बदललेल्या 556 पेशंटांवर 2019 चा अभ्यास आहे, नुसती पॅरासिटामॉल असताना पहिल्या दिवशी 36 मिलिग्रॅम मॉर्फिन (दुखण्यावरचं अफूवर्गीय जड औषध) लागलं, सोबत आयबुप्रोफेन दिल्यावर 20. साध्या गोळ्या वेळेवर आणि जोडीनं घेतल्या तर एवढं होतं. तुमची किडनी, बीपी आणि पोटाचा अल्सर तपासूनच आयबुप्रोफेनचं ठरवायचं, ते डॉक्टरांवर सोडा, आणि फिजिओथेरपीवाले यायच्या पाऊण तास आधी तुमची ठरलेली गोळी पोटात गेलेली असू द्या.